मदत हवी आहे: बांधाची मोजणी मागवू का?

रावेर तालुक्यात आमची केळी आहे. शेजारचा शेतकरी आमच्याच मंडळीतला (चर्चमधला) विश्वासू भाऊ, पण दर नांगरटीला बांध थोडा थोडा कोरतो. बायबलमधल्या मत्तय 18 प्रमाणे आधी एकटा भेटलो, मग दोन वडीलधाऱ्यांना घेऊन गेलो. ऐकत नाही. चर्चमध्ये प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षरसाच्या विधीला) शेजारी बसतो तेव्हा मनातला राग मलाच सहन होत नाही.

‘सोडून द्या’ म्हणू नका. सातबारा आईच्या नावावर आहे, सोडायचा हक्क माझा नाही.

बायबलमधल्या 1 करिंथकर 6 मध्ये प्रेषित पौल विश्वासणाऱ्या भावाभावांच्या कोर्टकचेरीला नको म्हणतो. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करणं त्यातच मोडतं का? की मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळीच्या) लागवडीआधी विषय मंडळीपुढे मांडून, त्याला सांगूनच अर्ज करावा?