गच्चीवर कोळशाची ग्रिल लावायची आहे, काय काळजी घ्यावी?

गच्चीवाला_डोंबिवली
३१ डिसेंबरला सोसायटीच्या गच्चीवर आम्ही दहा-बाराजण जमतोय, त्यात चार पोरं. मेव्हणा कोळशाची ग्रिल आणणार आहे. सेक्रेटरींनी परवानगी दिली, पण ‘काही झालं तर जबाबदारी तुमची’ असं लिहून घेतलंय. वारा सुटला तर ग्रिल जिन्याच्या खोलीत घ्यायची असं ठरतंय. आडोसा आहे, दारही उघडं ठेवू. आणखी काय बघू?

केटरर_मामा
जिन्याची खोली आधी डोक्यातून काढा, मग बाकीचं.

लाल निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून लोकांना वाटतं आता आत घेतला तर काय बिघडलं. त्याच निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा जीवघेणा विषारी वायू निघत असतो. त्याला ना वास ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. आणि तुमची पार्टी ३१ तारखेची! ‘ह्याला चढलीय, झोपू दे’ म्हणून कुणीतरी पांघरूण घालून मोकळा होईल. दार उघडं ठेवून भागत नाही. वारा फार असेल तर शेगडी विझवा आणि घरात तव्यावर भाजा.

कोळसा पेटवायला करवंट्या आणि कापूर घ्या. रॉकेल, पेट्रोल नको, आणि हल्ली पोरं सॅनिटायझर ओततात तेही नको. त्याची ज्योत उजेडात धड दिसत नाही, विझली समजून माणूस पुन्हा ओततो आणि आग उलटी बाटलीकडे येते. अर्धा-पाऊण तास आधी पेटवा. कोळशावर राखेची पांढरट साय धरली की जाळी ठेवायची. लोकांना धीर नसतो हो, ज्वाळेवरच चिकन टाकतात. बाहेरून काळं, हाडापाशी कच्चं.

गच्चीला वॉटरप्रूफिंग असेल तर शेगडी थेट टेकवू नका, खाली विटांचा थर द्या. सोलरचे पाइप, केबलच्या वायरी, वाळत घातलेल्या चादरी यांपासून लांब. भाजणारा माणूस एकच, त्याच्या अंगात सुती कपडे. ओढणी, नायलॉनचं जाकीट घालून कुणी वाकायचं नाही. पोरांसाठी खडूने रेघ मारा आणि एका मोठ्या माणसाला फक्त तेवढ्याच कामावर बसवा.

एडिसनकर
आमच्याकडे न्यू जर्सीत गॅसची ग्रिल असते, तिचं एक सांगतो. पेटवताना झाकण उघडंच हवं, नाहीतर आत गॅस साठून भडका उडतो. नळीच्या जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तेही बघावं. शिवाय जाळी घासायच्या तारेच्या ब्रशचा केस तुटून अन्नात जातो. मी अर्धा कांदा काट्याला टोचून जाळीवर फिरवतो.

केटरर_मामा
कांद्याचं शंभर टक्के बरोबर. ब्रश मीही कधीच टाकला.

सिस्टर_निवृत्त
भाजलं तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून, कारण माणूस दोन मिनिटांत कंटाळतो. अंगठी, बांगडी सूज यायच्या आत काढा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका, नंतर डॉक्टरला ते खरवडावं लागतं. भाजलेली जागा मोठी असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर सरळ १०८.

गच्चीवाला_डोंबिवली
सगळ्यांचे आभार. जिन्याची खोली रद्द. मामा, दोन शंका. चिकन शिजलं हे कसं ओळखायचं? आणि रात्री निखाऱ्यांचं काय करायचं?

केटरर_मामा
रंगावर जाऊ नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळतो, तो सर्वांत जाड तुकड्यात हाडाला न लावता खुपसा. ७४ अंश सेल्सिअस दिसलं की उतरवा. कच्चं चिकन ज्या मसाल्यात मुरलं तो भाजलेल्यावर फासू नका, वरून लावायचा मसाला आधीच वेगळा काढा. चिमटे आणि ताटं दोन ठेवा. पनीरवाल्यांची जाळी वेगळी, नाहीतर जेवणाआधीच भांडण.

निखारे चिमट्याने एकेक उचलून पाण्याच्या लोखंडी बादलीत सोडा. शेगडीत तांब्या ओतलात तर गरम वाफ आणि राख तोंडावर येईल. राखेखाली दुसऱ्या दिवशीही विस्तव जिवंत असतो, त्यामुळे प्लॅस्टिकच्या कचरापेटीत काहीही जाता कामा नये. वाळूची एक बादली सुरुवातीपासून शेजारी असू द्या, चरबी गळून भडका उठला तर वाळूच कामाची. आणि गच्चीच्या दाराला बाहेरून कुणी कडी घालणार नाही एवढं वॉचमनला आधीच सांगून ठेवा.