जिल्हा परिषद शाळेत अभियंते : आठवीला विजेचे प्रयोग नेमके कसे घ्यावेत?

चाकण_बी_शिफ्ट

नमस्कार मंडळी. आम्ही चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यातले सात जण आहोत, पाच मेकॅनिकल आणि दोन इलेक्ट्रिकल. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत आठवीच्या वर्गाला विज्ञानाचे प्रयोग करून द्यायचे ठरवतोय. पट 40. मुख्याध्यापकांनी 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' हा धडा सुचवलाय. आमच्या एचआरला मात्र रोबोटिक्सची किट्स आणि थ्रीडी प्रिंटर द्यायचाय, म्हणजे सीएसआरच्या (कंपनीच्या सामाजिक कामाच्या) अहवालात फोटो बरे दिसतात.

परवानगी कोणाची लागते? सामान काय आणि किती घ्यायचं? एका तासात काय बसतं? आणि आर्डुइनोपासून (संगणकावरून प्रोग्राम टाकायचा छोटा बोर्ड) सुरुवात करावी का? ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

खडूफळा

शाळेच्या बाजूने लिहितो.

मुख्याध्यापकांची तोंडी 'या हो' ही परवानगी नव्हे. एक पानी पत्र द्या: कोण येणार (ओळखपत्राच्या प्रतींसह), कोणत्या तारखांना, कोणत्या इयत्तेला, काय करणार, सामान कोणाचं, आणि शाळेकडून पैसे घेणार नाही हे स्पष्ट वाक्य. ते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवायला सांगा आणि केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे एक प्रत जाऊ द्या. असं झालं की मुख्याध्यापकांची बदली झाली तरी उपक्रम अडत नाही.

तारखांचं बघा. जुलै ते सप्टेंबर उत्तम. दिवाळीआधी सत्र परीक्षा, सुट्टीनंतर सहली, स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन, मग शिष्यवृत्तीची तयारी. शनिवारी शाळा सकाळची असते आणि 'आनंददायी शनिवार'चे उपक्रम असतात, त्यात तुम्ही छान बसता. पण 35-40 मिनिटांचा सुटा तास घेऊ नका. सामान वाटायला दहा आणि गोळा करायला दहा मिनिटं जातात. जोडतास मागा.

वर्गशिक्षक किंवा विज्ञानाचे शिक्षक पूर्ण वेळ वर्गात हवेत, ही अट तुम्हीच घाला. तुम्ही शिकवताय आणि सर ऑनलाइन माहिती भरायला ऑफिसात, हे चित्र नेहमीचं आहे. त्यात दोन तोटे: मुलांची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि पुढच्या वर्षी तोच प्रयोग घ्यायला शाळेत कोणी नसतं. तिसऱ्या भेटीपासून प्रयोग सरांनी घ्यायचा आणि तुम्ही गटांमध्ये फिरायचं, असं आधीच ठरवून टाका.

आणखी एक. डिसेंबर आला की 'साहेब, प्रदर्शनासाठी एक मॉडेल करून द्या ना' अशी गळ पडेल. करून देऊ नका. मुलांनी केलेलं वाकडंतिकडं मॉडेल चालेल. कारखान्यात लेझरवर कापलेलं आणि मुलाला परीक्षकासमोर समजावताही न येणारं मॉडेल कुणाच्याच कामाचं नाही.

तांब्याची_तार

सामानाचं मी सांगतो. 40 मुलं म्हणजे चौघांचे 10 गट. संच 12 करा, दोन राखीव. सहा-सातजणांच्या गटात दोघं करतात आणि बाकीचे बघतात.

एका संचात: टॉर्चचा मोठा सेल 1, पेन्सिल सेल 2, लाल एलईडी 3, 100 ओहमचे रेझिस्टर 3, तीन इंची लोखंडी खिळा 1, 26 गेजची इनॅमल तार (विसंवाहक लेप दिलेली तांब्याची तार) 3 मीटर, क्रोकोडाइल क्लिपच्या वायरी 4, पॉलिश पेपरचा तुकडा, टाचण्या 50, कागदी चिकटपट्टी.

सेल साधे झिंक-कार्बनचेच घ्या. अल्कलाइन जास्त टिकतात खरे, पण शॉर्ट झाले की जास्त करंट देतात आणि चांगलेच तापतात. लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले लिथियम सेल वर्गात नकोतच. ते शॉर्ट झाले तर आग लागू शकते. बटण सेलही नको, धाकटी भावंडं गिळतात.

तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. 26 गेज एका मीटरला दीड ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे 12 संचांना 36 मीटर, साधारण 55 ग्रॅम. 100 ग्रॅम घ्या, तुटतेच. बाकी सगळं पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एका फेरीत होतं. स्वस्त क्लिपच्या वायरींमध्ये तार नुसती दाबलेली असते, डाग (सोल्डर) दिलेला नसतो. शाळेत नेण्यापूर्वी एकेक वायर मल्टिमीटरच्या बझरवर (तार अखंड असेल तर तो वाजतो) तपासा आणि तपासताना ओढून बघा.

पहिला जोडतास फक्त परिपथ. इथे हमखास होणारा घोटाळा म्हणजे एक सेल आणि एक एलईडी. लागत नाही, कारण लाल एलईडीला साधारण 1.8 ते 2 व्होल्ट लागतात आणि सेल दीडचा. दोन सेल एकापुढे एक, मध्ये 100 ओहम, म्हणजे 11 मिलिअँपिअरच्या आसपास करंट, छान उजेड. पांढरा एलईडी नको. त्याला 3 व्होल्टच्या आसपास लागतात आणि सेल जरा उतरले की तो मिणमिणतो. सेल होल्डरच्या भानगडीत पडू नका, स्प्रिंगा गंजतात. सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या चकत्या रबरबँडसारख्या लांबीच्या दिशेने ताणून लावल्या की वायरी सेलच्या दोन्ही टोकांना घट्ट बसतात.

मग वाहक-विसंवाहक. चॉकलेटचा चकचकीत कागद 'वीज जात नाही' असं दाखवतो, कारण त्यावर प्लॅस्टिकचा थर असतो. रंग दिलेल्या यू-क्लिपाही तसंच फसवतात. हे मुद्दाम ठेवा. पॉलिश पेपरने घासून पुन्हा लावायला सांगा आणि आपण गप्प बसा.

दुसरा जोडतास विद्युतचुंबक. हा प्रयोग सगळ्यांना सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त वेळा हाच फसतो, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

खिळ्याच्या डोक्याखाली धातूची बारीक धार असते. ती इनॅमल कापते, मग तार खिळ्याला दोन ठिकाणी टेकते आणि मधले वेढे शॉर्ट होतात. म्हणून आधी खिळ्यावर चिकटपट्टीचा एक थर. 100 वेढे एकाला एक चिकटवून घातले तर साधारण 5 सेंटिमीटर जागा लागते, म्हणजे तीन इंची खिळ्यावर एकाच थरात बसतात. दुसरा थर आला की मुलं तार उलट्या दिशेने फिरवायला लागतात आणि दोन थर एकमेकांना मारतात. एकच थर ठेवला की तो प्रश्नच येत नाही.

दोन्ही टोकांची 2 सेंटिमीटर तार चारही बाजूंनी घासायची, तांबं गुलाबी चमकेपर्यंत. दहापैकी तीन-चार गटांचा चुंबक इथेच अडतो. ब्लेडने खरवडू देऊ नका. बोट कापतं ते वेगळंच, तारेलाही खाच पडते आणि ती तिथेच तुटते. काडी लावून जाळली तर वर काजळी राहते, ती पुन्हा घासावीच लागते.

आता मोजणी. 25, 50 आणि 100 वेढ्यांना किती टाचण्या उचलल्या? बहुतेक जण 25 पासून सुरू करतात आणि 100 ला आकडा हवा तेवढा वाढत नाही. कारण सेल. दोन मीटर तारेचा रोध जेमतेम 0.2 ओहम, म्हणजे हा जवळजवळ शॉर्टच. एक-दोन अँपिअर सहज जातात आणि सेल मिनिटाभरात बसायला लागतो. तेव्हा क्लिप दोन-तीन सेकंदच लावायची, टाचण्या उचलायच्या, काढायची. दोन मोजण्यांमध्ये अर्धा मिनिट सेलला विश्रांती. तार कापायची नाही. 25 वेढ्यांच्या वेळी उरलेली तार नुसती मोकळी सोडायची, म्हणजे रोध तोच राहतो आणि फक्त वेढे बदलतात. क्रम 100, 25, 50 आणि शेवटी पुन्हा 100. पहिल्या आणि शेवटच्या 100 मधला फरक म्हणजे सेल किती उतरला ते. आठवीच्या मुलांना हे नीट कळतं.

सुरुवातीला करंट न देता खिळा टाचण्यांना लावून बघा. काही खिळे आधीच थोडे चुंबकीय असतात. करंट बंद केल्यावरही दोन-चार टाचण्या लटकून राहतात, कारण खिळा पोलादाचा असतो, शुद्ध मऊ लोखंडाचा नाही. खिळा लालबुंद तापवून राखेत सावकाश थंड केला तर बराच फरक पडतो, ते मात्र घरून करून आणा. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घेऊ नका, बहुतेकांना चुंबक जवळपास धरतच नाही.

धड्यातली विद्युत घंटा मुलांकडून करून घेण्याच्या फंदात पडू नका. संपर्क स्क्रूची अर्ध्या मिलिमीटरची जुळवणी चौघांच्या गटात होत नाही. एक मोठी घंटा करून न्या, समोर उघडून दाखवा.

रिले

आर्डुइनोबद्दल. वाईट नाही, पण पहिल्या वर्षी नको. ज्याला सेल, स्विच आणि दिवा जोडता येत नाही त्याच्यासाठी बोर्ड म्हणजे जादूची पेटी. मुलं प्रोग्राम उतरवून घेतात, दिवा लुकलुकतो, टाळ्या पडतात, संपलं.

तरी करायचंच असेल तर कुठे अडतं ते लिहितो. शाळेच्या संगणकाचा ॲडमिन पासवर्ड कोणालाच माहीत नसतो, त्यामुळे स्वस्त बोर्डांना लागणारा सीएच340 चा ड्रायव्हर (संगणकाला बोर्ड ओळखू येण्यासाठीचं सॉफ्टवेअर) टाकता येत नाही. लॅपटॉप आपले न्या, चार्ज करून, कारण वीज ऐनवेळी जाते. यूएसबी केबल प्रत्येकी तपासा. मोबाइलच्या बऱ्याच केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात, मग बोर्डवरचा दिवा लागतो पण पोर्ट दिसत नाही. खेळण्यातली मोटार थेट पिनला जोडू देऊ नका: पिनची मर्यादा 40 मिलिअँपिअर, वापर 20 पर्यंतच ठेवावा, आणि मोटार सुरू होताना शेकड्यांनी ओढते. सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटार) 5 व्होल्टच्या पिनवर चालवला की बोर्ड मध्येच रिसेट होतो आणि पोरं प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. सर्वोला वेगळे चार सेल द्या, ग्राउंड (ऋण बाजू) बोर्डशी एक करा.

थ्रीडी प्रिंटरचं एचआरला एवढंच विचारा: फिलामेंट (छपाईची प्लॅस्टिकची तार) कोण भरणार आणि नोझल (ती वितळून बाहेर येते ते तोंड) चोंदलं तर कोण काढणार? तालुक्यात एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनची शाळेतली प्रयोगशाळा) असेल तर तिथे चौकशी करा. बऱ्याच ठिकाणी यंत्रं असतात, चालवणारा माणूस नसतो. याच मिशनमध्ये अशा स्वयंसेवकांसाठी 'मेंटॉर ऑफ चेंज' म्हणून नोंदणीची सोय आहे.

चाकण_बी_शिफ्ट

सगळ्यांचे आभार. तार वजनावर घ्यायची हे डोक्यातच नव्हतं. आमच्या पाच मेकॅनिकलवाल्यांनी काय करायचं मग? सगळं विजेचंच झालं. आणि एचआरला फोटो हवेतच, त्याचं काय?

खडूफळा

फोटो पाठमोरे किंवा हातांचे घ्या. चेहरे दिसणार असतील तर पालकांची लेखी संमती हवी, आणि नाव, वर्ग, गाव फोटोखाली टाकायचं नाही. मोठ्या माणसाने मुलासोबत एकटं थांबायचं नाही, एका वेळी वर्गात तुमचे दोघं हवेतच. सातजण एकदम येऊ नका. तिघं या, पाळी लावा.

मेकॅनिकलवाल्यांनी पाबळच्या विज्ञान आश्रमात एक चक्कर मारावी, चाकणहून फार लांब नाही. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेली संस्था. आठवी ते दहावीसाठी त्यांचा 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा कार्यक्रम आहे आणि त्यात शिकवणारे बहुतेक गावातलेच कारागीर. तुमच्या शाळेच्या गावातही वेल्डर, गवंडी, पंप दुरुस्त करणारे असतील. त्यांना सोबत घ्या. तुम्ही बदलून पुण्याला गेलात तरी ते गावातच असतात.

तांब्याची_तार

मेकॅनिकलसाठी: व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन. शाळेत असतो, कपाटात, तेल न लावलेला. प्लॅस्टिकचे 10 घ्या आणि तीच तार मोजायला द्या. 26 गेज उघडी 0.46 मिलिमीटर, इनॅमलसह अर्ध्याच्या आसपास, आणि कॅलिपरची अचूकता 0.1. एक वेढा मोजून काही हाती लागत नाही. 20 वेढे पेन्सिलवर चिकटवून घाला, एकूण रुंदी मोजा, 20 ने भागा. 100 वेढ्यांना 5 सेंटिमीटर कुठून आले ते मुलांना आपोआप दिसतं, आणि विजेचा तास त्याला जोडला जातो.

चाकण_बी_शिफ्ट

हे जमेल. मल्टिमीटर किती घेऊ, दहा?

तांब्याची_तार

तीन पुरेत, तेही पिवळे स्वस्तवाले. दहा घेतले तर पहिल्याच दिवशी दहाचे फ्यूज उडतील. मुलं मीटर करंटच्या रेंजवर ठेवून थेट सेलला लावतात, व्होल्टेज मोजतात तसं. 200 मिलिअँपिअरच्या रेंजला फ्यूज असतो, तो उडतो; 10 अँपिअरच्या भोकाला स्वस्त मीटरमध्ये फ्यूज नसतोच. 10 अँपिअरचं भोक चिकटपट्टीने बंद करा, गोल बटणावर 20 व्होल्ट डीसीच्या जागी लाल ठिपका द्या आणि पहिले दोन महिने ठिपक्यावरून हलवायचं नाही हा नियम. 250 व्होल्टचे काचेचे सुटे फ्यूज दहा-बारा घेऊन ठेवा, अँपिअरचा आकडा मीटरच्या जुन्या फ्यूजवर वाचून. आणि तास संपल्यावर मीटर बंद केलाय का हे एका मुलाकडे सोपवा, नाहीतर आतली 9 व्होल्टची बॅटरी पुढच्या शनिवारी मेलेली मिळते.