स्विस घड्याळांच्या इच्छायादीतून पहिले कोणते घ्यावे? सल्ला हवा आहे

तबकडीप्रेमी : नमस्कार. जुन्या स्विस घड्याळांची माझी इच्छायादी छाटता छाटता तीन नावांवर आली आहे : 321 यंत्रणेची ओमेगा स्पीडमास्टर (मॉडेल क्रमांक 145.012), तीनरंगी उपतबकड्यांची झेनिथ एल प्रिमेरो ए386 आणि युनिव्हर्सल जनेव्हची पोलराउटर. एखाद्या नामांकित कंपनीचा नवा स्टीलचा क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय असलेले घड्याळ) जेवढ्यात येतो तेवढीच रक्कम बाजूला काढली आहे आणि ती वाढणार नाही. घड्याळ रोज वापरायचे आहे. पहिले कोणते घ्यावे?

चावीबहाद्दर : तिन्ही नावे बाजूला ठेवा आणि पाटेक फिलिपची 5711 नॉटिलस शोधा. 2021 मध्ये तिचे उत्पादन थांबले, त्यामुळे ती आता कंपनीकडून नवी मिळणे नाही. माझ्याकडची मी मूळ किमतीत घेतलेली आहे, हे येथे नम्रपणे नमूद करतो.

जुनेतेसोने : धागाकर्त्यांनी रक्कम स्पष्ट लिहिली आहे, ती वाचण्याचे कष्ट घ्यावेत. शिवाय नॉटिलसच घ्यायची तर 1976 ची मूळ 3700 घ्यावी. जेजर-लकूल्त्रची 920 ही पातळ यंत्रणा पायाभूत धरून ती घडली आणि हीच यंत्रणा 1972 च्या ऑडेमार पिगे रॉयल ओकमध्ये व 1977 च्या व्हॅशरॉन 222 मध्येही आहे. माझे मत 222 ला.

चावीबहाद्दर : म्हणजे आपणही रकमेकडे पाहिलेले दिसत नाही.

सेकंदकाटा : मी स्पीडमास्टर घ्या असे सांगेन, पण एका अटीवर. माझे त्याच काळातले घड्याळ मी एका सेवा केंद्रात केवळ सफाईसाठी दिले होते. त्यांनी न विचारता ट्रिटियमची (अंधारात चमकणाऱ्या किरणोत्सारी रंगाची) जुनी तबकडी व काटे काढून नवे बसवले, कडा पॉलिश करून गोल केल्या आणि काढलेले भाग परतही दिले नाहीत. घड्याळ आता वेळ अचूक दाखवते, पण संग्राहक ते हातातही घेत नाहीत. तेव्हा सर्व्हिसिंगला देताना 'पॉलिश नको, तबकडी व काटे बदलू नयेत' हे पावतीवर लिहून घ्यावे.

चांदोबा : स्पीडमास्टरला माझाही दुजोरा. चंद्रावर गेलेले घड्याळ मनगटावर असण्याची सर दुसऱ्या कशाला येणार?

जुनेतेसोने : तपशील नीट असावा. अपोलो 11 मध्ये आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन यांच्याकडे 105.012 होते. 145.012 कॉलिन्स यांच्याकडे होते आणि ते कक्षेतच राहिले.

चांदोबा : कक्षा चंद्राचीच होती ना!

भिंगधारी : मूळ प्रश्नाकडे येतो. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे 12 वर्षे असते. त्यामुळे 1960 च्या दशकातल्या तबकडीवरील ठिपके आज अंधारात जवळपास मंदच असायला हवेत. विजेरीचा झोत टाकल्यावर ते बराच वेळ हिरवे चमकत राहिले, तर रंग नंतर भरलेला आहे. तबकडीचे ठिपके आणि काट्यांवरील रंग एकाच छटेने पिवळसर झाले आहेत का, हेही भिंगातून पाहावे. कंपनीच्या दप्तरातील उतारा घड्याळ केव्हा तयार झाले ते सांगतो. आज आत असलेला प्रत्येक भाग मूळचा आहे, असे तो सांगत नाही. 2021 मध्ये जिनिव्हात तीस लाख फ्रँकांहून अधिक किमतीला विकली गेलेली सीके2915 स्पीडमास्टर पुढे वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेली निघाली, आणि ती विकत घेणारी खुद्द ओमेगा होती.

सेकंदकाटा : पॉलिश करू देऊ नका, हे मी आधीच लिहिले आहे. पुन्हा लिहितो.

ताशीछत्तीसहजार : एल प्रिमेरोविषयी कोणी बोलतच नाही, याचे आश्चर्य वाटते. 1969 ची ही स्वयंचलित क्रोनोग्राफ यंत्रणा ताशी 36,000 ठोके देते. 1975 मध्ये तिची अवजारे व आराखडे भंगारात काढण्याचा आदेश निघाला, तेव्हा शार्ल व्हेर्मो या कारागिराने ती माळ्यावर लपवून ठेवली, म्हणून ती वाचली. पुढे रोलेक्सने 1988 च्या डेटोनात हीच यंत्रणा वेग कमी करून वापरली. पोलराउटर सुमारे 35 मिलिमीटरची असल्याने मनगटावर दिसणारही नाही. ती यादीतून काढावी.

चांदोबा : पोलराउटरबाबत सहमत. सुटे भागही सहज मिळत नाहीत.

तबकडीप्रेमी : सर्वांचे आभार. भिंगधारी यांच्या सूचना हाताशी ठेवून तिन्ही घड्याळे पाहिली. स्पीडमास्टरचे ठिपके विजेरीनंतर कंदिलासारखे पेटून राहिले आणि ए386 च्या कडा पॉलिशने गुळगुळीत झालेल्या होत्या. पोलराउटरच्या काचेवर ओरखडे आहेत, पण तबकडी अस्पर्श आहे आणि लग्जच्या (पट्टा अडकवण्याच्या टोकांच्या) वळणदार कडा अजून धारदार आहेत. नॉटिलसचेही रचनाकार असलेल्या जेराल्ड जेंटा यांनी 1954 मध्ये, नॉटिलसच्या कितीतरी आधी, तिची रचना केली. मी तीच घेतली. उरलेली रक्कम सर्व्हिसिंग आणि सुट्या भागांसाठी राखून ठेवली आहे.

चावीबहाद्दर : अभिनंदन. जेंटाच आवडत असतील, तर नॉटिलसचा पुन्हा एकदा विचार व्हावा.

सेकंदकाटा : काचही बदलू नका, फक्त घासून घ्या. आणि तेही पावतीवर लिहून घ्या.