नवशिक्या पोरांसाठी कॉम्प्युटर शिकवणारी साइट: वर्डप्रेस घेऊ की साधं एचटीएमएल?

सांगोल्याचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी आठवी ते दहावीच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवतो. जुने चार पीसी, नेट माझ्याच हॉटस्पॉटवर. पोरं रील एडिट करतात एकदम सफाईने, पण फाइल सेव्ह केली आणि ती गेली कुठे विचारलं की गप्प, आणि ईमेल म्हणजे प्लेस्टोअर चालू करायला लागतो तो, एवढीच ओळख. म्हणून त्यांच्यासाठी मराठीत छोटी साइट करावी म्हणतोय, टायपिंग, फाइल-फोल्डर, ईमेल, ऑनलाइन फॉर्म भरणं, ओटीपीचे फ्रॉड, बस. घरी बघणार ते वडिलांच्या नाहीतर दादाच्या मोबाइलवर. मला वेबपानं लिहायचं एचटीएमएल सीएसएस थोडंफार येतं. तर वर्डप्रेस, म्हणजे डॅशबोर्डवरून पानं टाकायचं तयार सॉफ्टवेअर, घेऊ का? आणि लॉगिन ठेवू का, म्हणजे कोण कुठवर आलं ते कळेल? अजून एक, एका सरांनी श्रीलिपीत टाइप केलेल्या नोट्स दिल्यात, त्या कॉपी केल्या की नुसता कचरा येतो. खर्च शक्यतो शून्य.

डेक्कन_डेव्हलपर
वर्डप्रेस घे रे, डोकं नको लावू. थीम टाकली की झालं. उद्या तू नोकरीला पुण्यात आलास तर मागे दुसरं कुणीही डॅशबोर्डवरून धडे टाकेल, एचटीएमएलच्या फायली कोण बघत बसणार?

माउस_मास्तर
डेक्कनभाऊ, मागे कोण बघणार हा मुद्दा खराय, पण तोच वर्डप्रेसलाही लागू आहे ना. होस्टिंग, डेटाबेस, आणि प्लगिन (वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं) कुणी अपडेट केले नाहीत तर साइट हॅक होऊन तिथे जुगाराच्या जाहिराती झळकतात, त्याही पोरांसमोर. इथे सगळा मामला तीस-चाळीस पानांचा. साधं एचटीएमएल लिही आणि गिटहब पेजेसवर (अशा साध्या साइट नेटवर ठेवायची सोय) टाक, फुकट आहे, १ जीबीपर्यंतची साइट बसते, तुला त्याचा दहावा हिस्साही लागणार नाही. आणि खरी मजा म्हणजे लिंका रिलेटिव्ह, म्हणजे पूर्ण वेब-पत्ता न देता नुसत्या फाइलच्या नावाने, ठेवल्यास की तेच फोल्डर पेनड्राइव्हने चारही पीसीवर टाकायचं, इंडेक्स फाइलवर डबलक्लिक, साइट चालू, हॉटस्पॉटची गरजच नाही.

श्रीलिपीचं असं आहे की त्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, फॉन्ट नसला की खालचा कचरा दिसतो. कन्व्हर्टरने युनिकोड (कुठल्याही फोनवर नीट दिसणारी मराठी) करून घे, नेमका कुठला फॉन्ट ते बघून निवड, आणि मग रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांनी तपास, तिथेच घाण होते. साइटला मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फॉन्ट लाव, दोन्ही फुकट. ओळींमध्ये अंतर १.६ तरी ठेव नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. लेटर स्पेसिंगला (अक्षरांमधल्या अंतराला) हात लावू नको, शिरोरेषा तुटते.

फोटोंचं वजन बघ. मोबाइलचा स्क्रीनशॉट तसाच टाकलास तर एकेक एमबी होतो, स्क्वूश या फोटो लहान करायच्या साइटवर टाकून रुंदी ७२० पिक्सेल कर, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये कर, ५०-६० केबीत येतो. यूट्यूबचा व्हिडिओ पानातच बसवू (एम्बेड करू) नको, व्हिडिओ नाही बघितला तरी त्याचा भार पानावर पडतो आणि खाली सुचवलेलं बघत पोरगं दुसरीकडेच निघून जातं.

झेडपीच्या_बाई
लॉगिन अजिबात नको रे बाळा. ओटीपी जाणार वडिलांच्या फोनवर आणि वडील असणार रानात. शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे मूल धरलेत, त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कशाला ते लचांड? कोण कुठवर आलं ते रविवारी समोर बसवून विचार.

मी शाळेत बघते ते सांगते. कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा म्हणजे मेनू हे आमच्या पोरांना माहीत नसतं, त्यामुळे पानाच्या तळाशी मोठं बटण, त्यावर पुढच्या धड्याचं नाव, एवढंच ठेव. फोन इंग्रजीत असेल तर क्रोम लगेच भाषांतर करू का विचारतं, पोरगं दाबतं हो, आणि तुझा मराठी धडा भलत्याच इंग्रजीत दिसायला लागतो. ते बंद करता येतं म्हणे, मास्तर सांगतील.

आणि नुसतं वाचायला देऊ नको, करायला दे. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालाय. तर तुझ्या साइटवर एक खोटा प्रवेश अर्ज कर, कुठेही न जाणारा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, फोटो. पोरं अडतात कुठे माहितीये का, जन्मतारखेच्या कॅलेंडरमध्ये. एकेक महिना मागे मागे जात बसतात, वर्षावर टिचकी मारली की वर्षांची यादी उघडते हे कुणी दाखवलेलंच नसतं, आणि शेवटी कंटाळून चालू वर्षच ठेवून देतात.

सांगोल्याचा_पोरगा
बाई, खोट्या अर्जाची आयडिया एक नंबर! लॉगिन कॅन्सल. एचटीएमएलच करतो, डेक्कनदादा सॉरी 😄 पण फोटोचं कसं करू, खऱ्या फॉर्मसारखं "फाइल मोठी आहे" असं सांगायला सर्व्हर लागेल ना?

माउस_मास्तर
नाही लागत. पोराने फाइल निवडली की तिचा साइज ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टला (पानातल्याच कोडला) कळतो, १०० केबीच्या वर असली तर लाल अक्षरात मराठीत सांग किती मोठी आहे आणि लहान कशी करायची त्या धड्याची लिंक दे. दहा ओळींचं काम आहे, फोटो त्या पीसीबाहेर जातच नाही. फॉर्मचं सबमिटही तिथल्या तिथे अडव. बाईंनी म्हटलं ते भाषांतराचं: एचटीएमएल टॅगमध्ये भाषा एमआर (mr, मराठीचा कोड) दे आणि भाषांतर नको सांगणारा गूगलचा नोट्रान्सलेट मेटा टॅग टाक. भाषा एमआर दिलीस तर काही फॉन्टमध्ये ल आणि श पण आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात.

डेक्कन_डेव्हलपर
बरं बाबा हरलो 😂 पण त्या खोट्या अर्जावर वर ठळक लिही "हा सराव आहे, खरा अर्ज नाही", एखाद्या पालकाने आपलं काम झालं समजून खरी तारीख घालवली तर तुझ्या दारात येतील.

झेडपीच्या_बाई
हो, आणि आधार नंबरचा रकाना ठेवू नको त्यात. झाला की लिंक टाक इथे, माझ्या दहावीला दाखवते.