कुत्रा गेल्यावरचं दुःख: तुमचे अनुभव इथे लिहा

कुत्रा गेला की लोक सहज म्हणतात, "दुसरा आणा." घरात सुतक नाही, ऑफिसात रजा नाही, भेटायला कुणी येत नाही. टोकियोच्या शिबुया स्टेशनवर हाचिको नावाच्या कुत्र्याने १९२५ साली वारलेल्या आपल्या प्राध्यापक मालकाची १९३५पर्यंत, स्वतःचा जीव जाईस्तोवर वाट पाहिली, त्याचा पुतळा झाला. मला तुमच्या घरातले, वाड्यातले, गल्लीतले अनुभव ऐकायचे आहेत. सुरुवात मी करते.

आमची राणी लॅब्रॅडोर. म्हातारपणी किडन्या गेल्या, रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, वाढतच राहिलं. डॉक्टरांनी घरीच कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. मानेमागची कातडी चिमटीत धरायची, सुई आत सरकवायची. ती हलायची नाही, उलट माझं मनगट चाटायची. शेवटी शेवटी उठवत नव्हतं, पण बाबांची स्कूटर खाली थांबली की फरशीवर शेपटी आपटायची. बाबा चपला न काढताच तिच्याजवळ बसायचे. अजूनही ते आल्यावर आधी त्या कोपऱ्याकडे बघतात.

जुन्नरकडून
मामांची मेंढरं आहेत. मेंढरांच्या वाड्यावरच्या कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा असतो, कारण बिबट्या मानगूटच धरतो. मोत्याची मान वाचली, पोट फाटलं. पण मेंढरू एकही गेलं नाही. मामांनी जखमेत हळद भरली, गाडी करून दवाखान्यात नेलं, वाटेतच गेला. त्याचा पट्टा चांगला शाबूत होता, तरी मामांनी नव्या कुत्र्याला दुसरा करून घेतला. मामी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, त्यो त्याचाच."

ठाण्याहून
आमचा काळू कुणाचाच नव्हता. नसबंदीची खूण म्हणून कानाचं टोक कापलेलं. रात्रपाळीच्या वॉचमनकाकांबरोबर प्रत्येक फेरी मारायचा. काका गावी गेले की गेटवरून हलायचा नाही. गाडीखाली आला तेव्हा काका ड्युटीवरच होते. वर्गणी काढायची वेळच आली नाही, सगळा खर्च त्यांनी केला.

नागपूरहून
आमच्याकडे दोघी होत्या. थोरली गेली आणि धाकटीने अन्न सोडलं, थोरलीच्या गोधडीवरून उठेना. डॉक्टर म्हणाले, फिरायची वेळ आणि रस्ता बदलू नका, गोधडी इतक्यात धुऊ नका. आता थोडा दहीभात खाते, तोही मी हाताने भरवला तर. कुणी असं मागे राहिलेलं जनावर सांभाळलं असेल तर कृपया लिहा. मला आत्ता त्याची फार गरज आहे.