फुकट दिसणारी वेबसाइट विकत कोण घेतं?

ताई: सगळ्यांनी पेपरटॉयलेट डॉट कॉम उघडा. कागद बोटाने खाली ओढा.

अण्णाकाका: ओढला. टॉयलेट पेपरचा रोल आहे. पुढे?

ताई: पुढे काही नाही. एवढंच काम.

मीनाआत्या: सकाळी सकाळी हे काय गं 🙈

ताई: राफाएल रोझेनडाल नावाच्या कलाकाराचं २००६ चं काम आहे ते. जन्म १९८०, ॲमस्टरडॅमचा. डच-ब्राझिलियन, मुक्काम न्यूयॉर्क. अशा शंभराहून जास्त वेबसाइट केल्यात त्याने. प्रत्येकीला स्वतंत्र डोमेन, म्हणजे स्वतःचा वेबपत्ता, ना मेनू ना जाहिरात. आणि त्यातल्या कितीतरी साइट लोकांनी विकत घेतल्यात!

अण्णाकाका: विकत? मी तर आत्ता फुकट बघितली.

ताई: ती तशीच फुकट दिसत राहिली पाहिजे, हीच तर करारातली अट आहे काका. घेणाऱ्याच्या नावावर डोमेन होतं. मालक म्हणून पानासोबत त्याचं नाव लागतं. पण साइट बंद करायची नाही, कुलूप लावायचं नाही आणि डोमेनचं नूतनीकरण त्यानेच करायचं. कराराचा मसुदाही राफाएलने ऑनलाइन ठेवलाय, कोणीही वापरा.

अण्णाकाका: म्हणजे पैसे मोजायचे आणि वर राखणदारी करायची. हुशार आहे गडी.

चिनू: २००६ म्हणजे फ्लॅश असणार, वेबसाइटवर हलती चित्रं दाखवणारं जुनं सॉफ्टवेअर. ते तर २०२० च्या शेवटी बंद पडलं ना?

ताई: जुन्या साइट जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरला थेट कळणाऱ्या कोडमध्ये, परत करून घेतल्या. शिवाय ही चित्रं व्हिडिओसारखी साठवलेली नाहीत, कोड ती तिथल्या तिथे काढतो. त्यामुळे फोनवर काय नि भिंतीएवढ्या पडद्यावर काय, कडा फाटत नाहीत. २०१५ च्या फेब्रुवारीत टाइम्स स्क्वेअरच्या मोठमोठ्या जाहिरात पडद्यांवर रोज रात्री ११:५७ पासून बारापर्यंत याचंच काम लागायचं. २०२४ ला मोमातही, म्हणजे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयातही लागलं.

अण्णाकाका: पोट कशावर भरतो पण? खरं सांग.

ताई: एकट्या वेबसाइटवर नाही. २०२१ पासून एनएफटी आहेत, म्हणजे डिजिटल कामाच्या मालकीची ऑनलाइन नोंद विकायची. आणि आत्या, हे तुझ्यासाठी: २०१४ मध्ये त्याने 'ॲब्स्ट्रॅक्ट ब्राउझिंग' नावाचं क्रोमचं एक्स्टेंशन काढलं, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. चालू केलं की पानावरचा मजकूर, फोटो सगळं गायब. उरतात नुसते भडक रंगांचे चौकोन-आयत, पानाचा सांगाडाच. असे ढीगभर स्क्रीनशॉट घेऊन त्यातले मोजके निवडतो आणि जकार्ड मागावर विणून घेतो.

मीनाआत्या: अगं, पंचकार्डाचा माग तो! भोक असलं की धागा वर, नसलं की खाली. हे मात्र आवडलं मला.

अण्णाकाका: मग ठरलं. कापड हा माल, वेबसाइट ही जाहिरात.

चिनू: काका, जाहिरातीचं डोमेन कोणी विकून टाकतं का?

अण्णाकाका: 🤔

ताई: मला काकांचं अर्धं पटतं. भिंतीवर टांगता येणारी वस्तू गॅलरीला सोपी पडते, हे खरंच. पण २०१० मध्ये बर्लिनला याने 'बीवायओबी' (ब्रिंग युअर ओन बीमर) सुरू केलं, आपापला प्रोजेक्टर घेऊन या आणि एका रात्रीचं प्रदर्शन करा. त्यात विकायला काहीच नव्हतं. ती कल्पनाही कोणीही उचलावी म्हणून मोकळी सोडली. पुढे कितीतरी शहरांत लोकांनी तशा रात्री भरवल्या.

मीनाआत्या: ते एक्स्टेंशन फोनवर चालतं का?

चिनू: नाही, लॅपटॉपवर. संध्याकाळी येतो लावून द्यायला.

मीनाआत्या: ये. बँकेचं पान रंगीत करून बघायचंय.

ताई: बँकेचं नको आत्या, बातम्यांचं कर. चौकोन जास्त मिळतील.