गुणसूत्राचा उलटा तुकडा डासांमध्ये टिकून का राहतो?

पाणवठा (प्रश्न)
पदवीच्या वर्गाला गुणसूत्रांची फेरमांडणी शिकवताना एक अडचण नेहमी येते. पाठ्यपुस्तक सांगते की गुणसूत्राचा एखादा तुकडा तुटून उलटा जोडला गेला, म्हणजेच इन्व्हर्जन झाले, तर एक सरळ आणि एक उलटी प्रत असलेल्या जीवाच्या काही जननपेशी निकामी होतात. तेव्हा नैसर्गिक निवडीत असे तुकडे नाहीसे व्हायला हवेत. प्रत्यक्षात आफ्रिकेतील हिवतापाचा प्रमुख वाहक असलेल्या अनॉफेलिस गॅम्बिए या डासात ते मोठ्या संख्येने टिकून आहेत, आणि त्यांतले बरेचसे दुसऱ्या गुणसूत्राच्या उजव्या भुजेवरच आढळतात. असे का व्हावे? शिवाय हिवताप नियंत्रणाशी याचा खरोखर काही संबंध आहे, की तो शोधनिबंधांच्या प्रस्तावनेपुरताच असतो?

अर्धवर्तुळ
तोटा होतो तो उलट्या तुकड्याच्या आत जनुकांची अदलाबदल झाली तर. सरळ आणि उलटी प्रत शेजारी आल्यावर त्यांची जोडणी नीट होत नसल्यामुळे तिथे अदलाबदल मुळातच कमी होते, आणि फायद्याचा उगमही नेमका तिथेच आहे. एखाद्या परिस्थितीत एकत्र उपयोगी पडणारी अनेक जनुके त्या तुकड्यात असतील, तर ती पिढ्यान्‌पिढ्या विखुरल्याशिवाय एकत्र वारशाने जातात.

सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे दुसऱ्या गुणसूत्राच्या डाव्या भुजेवरील २एलए हे इन्व्हर्जन. त्याची लांबी सुमारे २.२ कोटी बेस जोड्या (डीएनएच्या साखळीतील एकके) आहे, म्हणजे ती भुजा जवळजवळ निम्मी व्यापली जाते. इटालियन शास्त्रज्ञ मारिओ कोलुझ्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात पश्चिम आफ्रिकेत दाखवले की दमट अरण्यपट्ट्यात विरळ असणारी ही मांडणी उत्तरेकडील कोरड्या गवताळ प्रदेशाकडे जाताना वाढत वाढत जवळपास सर्व डासांत आढळू लागते. रुक्ष प्रदेशात फोफावणाऱ्या अनॉफेलिस अरेबिएन्सिस या भगिनी जातीत तर केवळ हीच मांडणी आहे.

शंकेखोर
उत्तर पटते, पण नकाशावरचा चढता क्रम म्हणजे कार्यकारणाचा पुरावा नव्हे. पावसाबरोबर वनस्पती, पाणथळींचे स्वरूप, वस्तीची दाटी असे कितीतरी घटक बदलतात. एकट्या २एलएलाच श्रेय का द्यावे?

अर्धवर्तुळ
आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच २००९ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग महत्त्वाचे ठरतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या डासांना कोरड्या हवेत ठेवले असता २एलएच्या दोन्ही प्रती असलेल्या माद्या सरळ मांडणीच्या माद्यांपेक्षा अधिक काळ जगल्या. त्याच सुमारास अळ्यांच्या उष्णता सोसण्याच्या क्षमतेतही असाच फरक दिसला. मात्र तुकड्यातील शेकडो जनुकांपैकी नेमकी कोणती जबाबदार आहेत, हे ठरवणे फार कठीण असते, कारण ज्या गुणधर्मामुळे ती एकत्र राहतात, त्यानेच त्यांना वेगळे करून तपासण्याची वाटही बंद होते.

नियंत्रणाशी असलेल्या संबंधासाठी उत्तर नायजेरियातील गार्की हा हिवताप नियंत्रणाचा प्रकल्प पाहावा. १९७०च्या दशकात तिथे घरांत प्रोपॉक्सर या कीटकनाशकाची फवारणी करूनही हिवतापाचे संक्रमण थांबले नाही. कोलुझ्झींच्या निरीक्षणानुसार घरात विसावणाऱ्या आणि बाहेर राहणाऱ्या डासांत इन्व्हर्जनांचे प्रमाण वेगवेगळे होते. म्हणजे भिंतीवरचे कीटकनाशक सर्व डासांना सारखे भिडत नव्हते. अपयशाचे हे एकमेव कारण मानणे अतिशयोक्तीचे होईल, पण सगळ्या डासांना एकच धरून केलेला हिशेब कुठे फसतो, हे त्यातून दिसते.

कीटकसमाहारक
आपल्याकडचे उदाहरण याहून ठळक आहे, आणि त्याची चर्चा मराठीत फारच कमी होते. ग्रामीण भारतातील मुख्य वाहक अनॉफेलिस क्युलिसिफेसिस हा पूर्वी एकच डास मानला जाई. १९८०पासून त्याच्या गुणसूत्रांच्या पट्ट्यांवरून ए, बी, सी, डी आणि पुढे ई अशा पाच भगिनी जाती ओळखल्या गेल्या. या कामात दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्राचा मोठा वाटा होता. बाह्य स्वरूपावरून हे डास वेगळे करता येत नाहीत. बी हा हिवतापाचा अगदी कमकुवत वाहक, तर बाकीचे प्रत्यक्ष वाहक. त्यामुळे एखाद्या गावात क्युलिसिफेसिसची घनता किती, एवढ्यावरून धोका ठरवणे दिशाभूल करणारे असते.

या जाती ठरवण्यामागचा तर्क तुमच्या विद्यार्थ्यांना जरूर सांगा. एकाच गावात पकडलेल्या डासांत दोन्ही प्रती सरळ असलेले आणि दोन्ही प्रती उलट्या असलेले भरपूर मिळाले, पण मिश्र प्रती असलेले जवळपास मिळालेच नाहीत, तर ते एकमेकांशी संकर करत नाहीत, असा निष्कर्ष निघतो. उलट २एलएप्रमाणे मिश्र प्रतींचे डास जिथे सर्रास सापडतात, तिथे तो एकाच जातीतला वैविध्याचा भाग असतो.

तपासणीसाठी रक्त अर्धवट पचलेली मादी लागते, कारण अंडाशयाच्या परिचारक पेशींतील पॉलिटीन गुणसूत्रे (अनेक प्रती एकत्र राहून जाड झालेली, पट्टेदार गुणसूत्रे) त्याच अवस्थेत वाचण्याजोगी असतात. मादी त्या अवस्थेच्या पुढे गेली, तर नमुना वाया जातो.

पाणवठा
सर्वांचे आभार. मिश्र प्रतींच्या अभावाचा तर्क मुक्त संकर होणाऱ्या समूहात सरळ, मिश्र आणि उलट्या प्रतींचे अपेक्षित प्रमाण सांगणाऱ्या हार्डी-वाइनबर्गच्या गणिताला थेट जोडता येईल. प्रात्यक्षिकात मात्र डासाच्या अंडाशयापर्यंत पोहोचणे आम्हांला जमणार नाही.

कीटकसमाहारक
त्याची गरजही नाही. कायरोनोमस या डासासारख्या दिसणाऱ्या माशीच्या लाल अळ्या साचलेल्या पाण्याच्या गाळात सहज मिळतात. त्यांच्या लाळग्रंथी अ‍ॅसिटो-ऑर्सिन या रंजकाने रंगवल्या की पॉलिटीन गुणसूत्रांच्या पट्ट्या साध्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, आणि या माश्यांतही इन्व्हर्जने आढळतात. सरळ आणि उलटी प्रत एकत्र आलेली अळी मिळाली, तर जोडणीतील वळसा प्रत्यक्ष पाहता येईल.